आमचा कोरडा खड्डा

मी पीटीची शिक्षिका. वसईच्या एका शाळेत मी सगळी नोकरी काढली आणि त्यातली निम्मीअधिक वर्षं मुलांना ‘एक साथ, सावधान’ म्हटलं ते गच्चीवर, नाहीतर जिन्याखालच्या बोळात, कारण शाळेला मैदानच नव्हतं. गणिताच्या बाईंचा पोर्शन मागे पडला की माझा तास त्यांना जायचा. मी कुरकुर केली की मुख्याध्यापक म्हणायचे, “अहो, मैदान नाही तर तुम्ही शिकवणार तरी काय?” आणि मैदानाचा विषय मी काढला की म्हणायचे, “पीटीचे तास होतात कुठे, मैदान कशाला हवंय?” तेव्हा हे जे काही मी लिहिते आहे ते शांतपणे लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. माझा राग जुना आहे, मुरलेला आहे आणि मला तो टाकून द्यायचा नाही.

राहते मी आचोळ्याला, नालासोपारा पूर्वेला. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक मोकळा तुकडा होता आणि त्यावर एक पाटी होती: ‘क्रीडांगणासाठी आरक्षित’. आम्ही फ्लॅट घेतला तो ती पाटी बघून. गॅलरीतून मुलांचं मैदान दिसेल असं बिल्डरने सांगितलं होतं. दिसलं काय? आजूबाजूच्या बांधकामांचं विटा-सिमेंटचं राबिट, फुटके कमोड, कापूस बाहेर आलेल्या गाद्या, मागच्या वर्षीची थर्माकोलची मखरं आणि एक रिक्षाचा सांगाडा, ज्यात एक कुत्री दर वर्षी व्यायची. पावसाळ्यात डास, उन्हाळ्यात जळक्या कचऱ्याचा धूर. पाटीला मात्र दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी येऊन नवा रंग देऊन जायचं. त्या जागेवर सगळ्यात जास्त काळजी घेतली गेली ती पाटीची.

तळमजल्यावर एक कुटुंब राहतं. नवरा अंधेरीला एका गोदामात सुपरवायझर, मूळचे साताऱ्याकडचे. आमच्या बिल्डिंगच्या गणपतीचे तेच सर्वेसर्वा. आरतीला त्यांचा आवाज लागला की तिसऱ्या मजल्यावर काचा हलतात. त्यांना एक मुलगी. तेव्हा सातवीत होती. तिला तिच्या मामेभावाने वापरून झालेला एक स्केटबोर्ड दिला आणि या पोरीने मोबाइलवर बघून बघून तो चालवायला शिकून घेतला. मी आयुष्यभर मुलांना पळायला शिकवलं आहे. शरीराला तोल कसा सापडतो ते मला कळतं. ही पोर त्या चार चाकांवर उभी राहिली की तिचे गुडघे आपोआप वाकायचे, खांदे सैल पडायचे, आणि घरात ‘अगं पाय ओढत चालू नकोस’ म्हणून ओरडा खाणारी ती हीच का, असा प्रश्न पडायचा.

पण चालवायचा कुठे? पार्किंगमध्ये चालवला तर वॉचमन ओरडायचा. गच्चीत चालवला तर वरच्या मजल्यावरच्यांच्या डोक्यात चाकं फिरायची. म्हणून ती रस्त्यावर गेली. एक दिवस वळणावर टेम्पो तिला इतका घासून गेला की बोर्ड पायाखालून उडून गटाराच्या कडेला पडला आणि ती फुटपाथ म्हणून जे काही असतं त्यावर. कोपर सोललं, बाकी काही नाही. तिच्या पप्पांनी घरी आल्यावर बोर्ड उचलला आणि माळ्यावर, जुन्या पातेल्यांच्या मागे टाकला. ते त्याला फळी म्हणायचे. “रस्त्यावर फळी नाही,” ते म्हणाले. “जागा झाली तर खेळ. जागा नाही तर फळी नाही.” पोरगी माझ्यासमोर रडली नाही. फक्त म्हणाली, “टीचर, जागा आहे ना. मागे पाटी लावलीये तिथे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. तेरा वर्षांच्या मुलीला जे वाचता येतं ते वाचायला एकही मोठा माणूस तयार नाही.

मी तिच्या पप्पांना म्हटलं, “दादा, जागा झाली तर फळी खाली काढाल ना? शब्द द्या.” ते हसले. “मॅडम, तिथे जागा झाली तर मी स्वतः काढून देतो.” त्यांना वाटलं, ही बाई बोलते आहे, बोलू दे. मला ओळखत नव्हते.

पहिल्यांदा आम्ही नुसता कचरा काढला. बायका, शाळेतली मोठी मुलं, आणि रविवारी लाजेकाजेस्तव बाहेर आलेले काही पुरुष. मग मुंबईतल्या काही तरुण मुलामुलींचा एक गट शोधला. हे लोक जागा मिळेल तिथे जाऊन, स्वतःच्या हाताने स्केटिंगचे खड्डे आणि चढ-उतार बांधून देतात. त्यांनी येऊन जागा पाहिली आणि सांगितलं की राबिट फेकू नका, तेच भरावाला वापरू. ज्या घाणीने आमची गॅलरी बंद करायला लावली होती तीच आम्ही ठोकून ठोकून चढाखाली घातली. मधोमध काढायचा होता एक गोल खड्डा. तळ पसरट, कडा वर चढत जाणाऱ्या, कुठेही कोपरा नाही, ताटलीसारखा. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर जूचंद्रचे, रांगोळीसाठी नावाजलेल्या गावचे. रांगोळीचा हात. मी मैदानावर रेघा मारायची फक्की दिली आणि त्यांनी वाकून, मागे न बघता, चिमटीतून ती सोडत खड्ड्याची गोलाई अशी काढली की मुंबईच्या मुलांनी फोटो काढले.

आता नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असायचीच. आमच्या भागात एक साहेब आहेत. ते निवडून आलेले असोत नसोत, साहेबच असतात. काम खरंच उभं राहतंय याची त्यांना कुणकुण लागली. आम्ही परवानगीसाठी गेलो होतो तेव्हा त्यांनी “करा करा, पोरांसाठी चांगला हाय” एवढंच म्हटलं होतं. आता ते नारळ फोडायला आले. पांढरे बूट घालून ओल्या सिमेंटच्या कडेला उभे राहिले, नारळ फोडला, आणि वळताना एक पाय सरळ आत. त्या बुटाचा ठसा आम्ही थापीने बुजवला. पण दुसऱ्या दिवशी फलक लागला: साहेबांच्या अथक प्रयत्नांतून साकारलेला प्रकल्प. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. निदान नागोबा बीळ बघून तरी घेतो. यांनी ते खणलं कशासाठी आहे एवढंही विचारलं नव्हतं.

काँक्रीट घातल्यावर त्याला पाणी मारावं लागतं, नाहीतर ते तडकतं. आमच्याकडे पाणी येतं दिवसाआड, तेही अर्धा तास, आणि सोसायटी टँकरवर जगते. मी साहेबांच्या माणसांना विचारलं, एक टँकर द्या हो, मुलांचं काम आहे. “मॅडम, पानी हाय कुठं?” असं उत्तर मिळालं. मग आमच्या बायकांनी काय करावं? भांडी घासलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी, बादल्या भरभरून आणून त्या खड्ड्यावर ओतलं. आंघोळीला अर्धी बादली कमी घेतली. ज्या मुलीचा बोर्ड माळ्यावर होता ती शाळेतून आली की आधी बादली उचलायची, मग दप्तर ठेवायची. गोणपाट ओलं करून कडेवर अंथरायची. तिने त्या खड्ड्याला जेवढं पाणी पाजलं तेवढं घरच्या तुळशीला पाजलं नसेल.

आणि खड्डा झाला. गुळगुळीत, गार, हात फिरवत बसावं असा. बोर्ड माळ्यावरून खाली आला. तिच्या पप्पांनी शब्द पाळला, पातेली बाजूला करून स्वतः काढून दिला. मुलांनी स्वतःच नियम केला: चपला बाहेर. कारण वाळूचा एक खडा चाकाखाली आला की चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस पुढे जातो, तोंडावर. रोज संध्याकाळी खेळायच्या आधी दोघी-तिघी खराटा घेऊन झाडायच्या. खेळणारे बूट पुसून आत उतरायचे, बघणाऱ्यांनी चपला काठावर काढायच्या. आजूबाजूच्या चाळींतल्या, बिल्डिंगींतल्या मुली यायला लागल्या. एकेकीचे पाय थरथरायचे, मग सुटायचे. मी काठावर शिट्टी गळ्यात घालून बसायची आणि एकदाही वाजवायची नाही. इतकी वर्षं पगार घेतला त्या कामाचा अर्थ मला त्या उन्हाळ्यात कळला. मी खूश होते. सरळ सांगते, फार खूश होते.

मग गणपती आले.

इथे माझं माहेर सांगायला हवं. माझं माहेर वसईच्या पश्चिमेला, वाडीवाल्यांचं. केळी, पानवेली, जास्वंद. प्रत्येक वाडीत एक बावखल असायचं, म्हणजे लहानसं तळं, ज्याच्या पाण्यावर वाडी जगायची. आमचा गणपती त्याच बावखलात जायचा. शाडूची मूर्ती, दोन दिवसांत विरघळायची, खाली मासे. येताना पाटावर बावखलाच्या काठची मूठभर माती आणायची आणि घरात कोपऱ्याकोपऱ्यात टाकायची, म्हणजे देव गेला तरी त्याच्या पायाखालची माती घरात राहिली. अशी बावखलं माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून बुजली. भराव टाकला, वर बिल्डिंगी उठल्या. तेव्हा कोणाच्या श्रद्धेला धक्का लागला नाही. कोणी फलक लावला नाही. पाणी होतं तिथे माती टाकली, आणि मग विसर्जनाला पाणी नाही म्हणून बोंब मारत हिंडू लागले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी मी गॅलरीत आले तर आमच्या खड्ड्यावर टँकर उभा. खड्ड्याच्या तळाशी पाणी जायला आम्ही एक भोक ठेवलं होतं. ते गोणपाट आणि चिकणमातीने ठासून बुजवलेलं. पाइप आत आणि पाणी धो धो. एका टँकरनंतर दुसरा. भोवती बांबू, झालर, आणि नवा फलक: कृत्रिम विसर्जन तलाव. खाली साहेबांचा हात जोडलेला फोटो.

मी गाऊनवर ओढणी घेऊन तशीच खाली धावले. साहेब तिथेच खुर्ची टाकून बसले होते.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“मॅडम, येवडा मोठा खड्डा तुमी बनवला,” ते खरोखर आश्चर्याने म्हणाले, “त्यात पानी नाय तर काय भरनार?”

  सगळ्यात वाईट काय असेल तर त्यांना ते खरंच तसंच वाटलं होतं. त्यांच्या डोक्यात मुलांनी खेळण्यासाठी खणलेला खड्डा बसतच नव्हता. आणि त्या भोवती जमलेले आमचे लोक? तेच, ज्यांनी तांदळाचं पाणी ओतलं होतं? ते खूश होते! “बरं झालं, लांब जायला नको.” “आपल्या हातचं देवाच्या कामी आलं.” बायका काठावर रांगोळी काढत होत्या. मी म्हटलं, अहो, मुली खेळतात ना इथे. एकजण म्हणाली, “बाई, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.” पाणी मारायला एक टँकर मिळाला नव्हता, आणि खेळ बुडवायला तीन आले, तेही फुकट, याचं कोणालाच काही वाटलं नाही.

आणि पहिली मूर्ती कोणाची? आमच्या बिल्डिंगची. आमचा गणपती दीड दिवसाचा. तिच्या पप्पांनी पाट डोक्यावर घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून मला म्हणाले, “मॅडम, पोरांच्या हातची जागा आहे. बाप्पा पहिला आपलाच.” त्या माणसाच्या मनात काडीचंही पाप नव्हतं. माझ्या अंगाची लाही होत होती आणि त्यांच्यावर ओरडताही येत नव्हतं. परत येताना पाटावर घ्यायला माती नव्हती, काँक्रीटला कुठली माती? तर त्यांनी आमच्या बांधकामातून उरलेल्या ढिगातली मूठभर कच घेतली. मुलगी गॅलरीच्या ग्रिलला धरून उभी होती. प्रसादाला बाहेर आली नाही.

अनंत चतुर्दशीपर्यंत मूर्ती येतच राहिल्या. शाडूच्या थोड्या, प्लॅस्टरच्या फार. प्लॅस्टर विरघळत नाही. हात, सोंडा, उंदीर, सगळं हिरव्या पाण्यात तरंगत राहिलं. मग साहेबांच्या ठेकेदाराचा जेसीबी आला. त्याने आपला दातेरी पंजा आमच्या खड्ड्यात घातला आणि मूर्तींबरोबर काँक्रीटही खरवडून काढलं. मी समोर होते. दात काँक्रीटवरून ओढले जातात तेव्हा जो आवाज येतो तो माझ्या दातांत अजून बसला आहे. ड्रायव्हरला ओरडून थांबवेपर्यंत तळापासून काठापर्यंत बोटभर खोल चरे पडले होते. काठावर बसवलेला गोल पाइप वाकला होता. आणि मी विचारते, यात देव कुठे होता? आदल्या आठवड्यात ज्याला डोक्यावर घेतलं त्याला लोखंडी पंजाने उपसून डंपरमध्ये टाकताना साहेबांचा एकही माणूस हात जोडून उभा नव्हता. धर्म बुडवते म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर शिव्या मात्र मला. दर संकष्टीला अथर्वशीर्ष म्हणणाऱ्या मला! कृत्रिम तलाव असावेत, जरूर असावेत. साहेबांच्या फार्महाऊसवर पोहण्याचा तलाव आहे असं ऐकते. तिथे करा.

तळमजल्यावर बोर्ड पुन्हा माळ्यावर गेला. “जागा राहिली नाही,” तिचे पप्पा म्हणाले. शब्दाचे पक्के!

मी साहेबांच्या ऑफिसात गेले. किती वेळा गेले ते सांगत नाही, चपलांचे अंगठे तुटले एवढं पुरे. चहा यायचा. दुरुस्तीचं विचारलं की “बघू”. पुढच्या वर्षी असं होणार नाही असं सांगा म्हटलं की “बघू”. एकदा म्हणाले, “देवाला वर्षातून दहा दिवस द्यायला कोन नाय म्हनतो?” मी म्हटलं, “साहेब, मग तुमचं हे ऑफिस द्या. चांगला गुळगुळीत मार्बल आहे.” त्यानंतर चहा येणं बंद झालं.

खड्डा आम्हीच दुरुस्त केला. आधी मी आणि चार मुली. मग हळूहळू त्यांच्या आया. रांगोळी काढणारीही आली, मान खाली घालून. मुंबईची मुलं मसाला कालवून द्यायची, आम्ही चऱ्यांत भरून थापीने ओढायचो, आणि पुन्हा बादल्या, पुन्हा गोणपाट. एका रविवारी तिचे पप्पा आले.  सगळ्यात लांब चरा होता तिथे उकिडवे बसले आणि दिवसभर तो भरत राहिले. मी त्यांना ऐकवायला चार वाक्यं तयार ठेवली होती, ती गिळली. आठवड्याभराने बोर्ड माळ्यावरून खाली आला. बुजवलेले चरे फिकट दिसायचे, आणि एका जागी चाक अजून किंचित अडखळायचं. पोरीने तिथे आधीच वजन मागच्या पायावर घ्यायची सवय लावून घेतली.

मग पुढचे गणपती आले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी टँकर आला नाही. चतुर्थीलाही नाही. मला वाटलं, चला, साहेबांना लाज वाटली. मी किती वर्षं या देशात राहते आहे, तरी असं वाटतं! दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळेला सुट्टी, ती एकटीच खड्ड्यात फिरत होती आणि मी काठावर होते, तेवढ्यात टँकर आला. टँकर आमच्याकडे उशिरानेच येतात, त्यात काही विशेष नव्हतं. ड्रायव्हरने पाइप सोडून आत टाकला. साहेबांच्या ऑफिसातली दोन पोरं फलक घेऊन उतरली. तोच फलक, जपून ठेवलेला.

“ए, बाहेर नीघ,” त्यांतल्या एकाने सांगितलं.

ती निघाली नाही. थांबलीही नाही. फिरत राहिली. काठाला चढायची, वळायची, खाली यायची, समोरच्या काठाला चढायची. ड्रायव्हरने घाबरवायला व्हॉल्व्ह जरासा सोडला. पाण्याची एक धार काँक्रीटवरून तळाकडे गेली. तिने धारेच्या अलीकडून वळण घेतलं.

“मॅडम, पोरीला काढा ना,” ड्रायव्हर मला म्हणाला. “मला अजून दोन ठिकाणी जायचंय.”

“मी नाही काढणार,” मी म्हटलं आणि पाइपवर पाय देऊन उभी राहिले. माझ्या पायाने टँकरचं पाणी थांबत नाही, ते मला माहीत आहे. पण उभी राहिले.

तेवढ्यात ताशा ऐकू आला. आमच्या बिल्डिंगचा गणपती निघाला होता. पुढे मुलं, मागे बायका, आणि मधे डोक्यावर पाट घेतलेले तिचे पप्पा, कपाळाला गुलाल. त्यांना वाटलं होतं तलाव भरलेला असेल. काठावर येऊन बघतात तर आत पाणी नाही, आपली मुलगी.

“खाली उतर त्या फळीवरून,” ते ओरडले. “बाहेर ये. बाप्पा आलेत.”

ती तळाशी थांबली. बोर्डवर एक पाय, एक जमिनीवर. ताशेवालाही थांबला. ती घामाघूम झाली होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

“पप्पा, तुम्हीच बोललेलात. जागा झाली तर खेळ. झाली ना जागा?”

 फलक आणणाऱ्या एका पोराने “अरे काका, उचला ना तिला” म्हणून आत एक पाय टाकला. त्याच्या बुटाखाली कच करकरली. तिच्या पप्पांनी मान न हलवता, डोक्यावरचा पाट दोन्ही हातांनी धरलेला असताना, फक्त डोळे त्याच्याकडे वळवले.

“बूट बाहेर,” ते म्हणाले.

तो पोरगा मागे आला. मग ते टँकरवाल्याला म्हणाले, “पाइप काढ. बाप्पा तळ्यावर जाणार.” मागून कोणीतरी म्हणालं, एवढ्या लांब? साहेब काय म्हणतील? ते वळले आणि चालू लागले. त्या वजनाने त्यांची मान केव्हाच भरून आली असणार. ताशा पुन्हा सुरू झाला आणि सगळे मागोमाग गेले, गावातल्या जुन्या तळ्याकडे, जे अजून कोणी बुजवलेलं नाही.

मी गेले नाही. काठावर बसले आणि मला रडू आलं. आनंदाचं नव्हतं, खोटं कशाला बोलू? एका कोवळ्या पोरीने टँकरसमोर, देवासमोर आणि बापासमोर उभं राहायचं, तेव्हा कुठे तिला ते मिळणार जे त्या पाटीवर तिच्या जन्माआधीपासून लिहिलेलं आहे. याचा मला संताप येतो. तिला शाबास म्हणताना सगळे हे विसरले. ग्रुपवर फोटो टाकले, ‘आमची वाघीण’ म्हणून. वाघीण कशाला व्हावं लागावं तिला? तिने खुशाल घाबरट असावं, आळशी असावं, आठवड्यातून एकदा खेळावं आणि बाकी दिवस लोळावं. मैदान तरीही तिचंच असायला हवं.

तिन्हीसांजेला ते सगळे परत आले. पाट रिकामा, त्यावर तळ्याकाठची मूठभर माती. बाकीचे प्रसादाला बिल्डिंगकडे गेले. तिचे पप्पा तेवढे खड्ड्याशी थांबले. मुलगी आतच होती, आता आणखी दोन मुली आल्या होत्या. त्यांनी पाटावरची माती मुठीत घेतली आणि घरात टाकतात तशी आत टाकायला हात पुढे केला. सवयीने. चांगल्या मनाने.

“पप्पा, नको!” ती ओरडली. “चाकाखाली येईल!”

मीही ओरडले. मैदानावरचा माझा ठेवणीतला आवाज निघाला, “थांबा!”

हात हवेत थांबला. मूठ मिटलेलीच. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा मुठीकडे. मग पाट खाली ठेवून दुसऱ्या हाताने खिशातला रुमाल काढला, माती त्यात सोडली, नीट गाठ मारली आणि रुमाल परत खिशात घातला. हात पँटला पुसले. आणि चपला बाहेर काढून काठावर बसले.